पलीकडचा काठ नसलेली बेटे

आमचे घर चोडण बेटावर. मांडवीच्या पात्रातले हे बेट आता सलीम अली पक्षी अभयारण्यामुळे पुष्कळांना ठाऊक झाले आहे. माझ्या लहानपणी मात्र रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जावयाचे एक गाव एवढीच त्याची ओळख होती. घरात मांजरे असत. ती मुद्दाम कोणी आणलेली नव्हती. माडाखाली सावली असावी तशी ती होती. वर्षातून दोनदा, कधी तीनदा, माळ्यावरच्या जुन्या करंडीत पिल्ले सापडत. आठवडाभर आम्हां मुलांचे कौतुक चाले. मग एके दिवशी आजी तांदळाचे रिकामे पोते काढी, पिल्ले त्यात घाली, तोंड सैलसर बांधी आणि पोते माझ्या हाती देऊन म्हणे, "पलीकडे सोडून ये." पलीकडे म्हणजे रायबंदर. मासळीवाल्या बसत त्या कोपऱ्यात पोते उघडावयाचे आणि मागे न पाहता परतीची फेरी पकडावयाची. त्यानंतर दोन-तीन रात्री मांजरी घरभर ओरडत फिरे. आजी निर्दय नव्हती. मांजर मारणे हे तिच्या लेखी महापाप होते; ते घडलेच तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत तिच्या मनात पक्की होती. मारावयाचे नाही आणि ठेवावयाचेही नाही, या दोहोंमधली तिला सापडलेली वाट म्हणजे पलीकडचा काठ.

मोठेपणी एक गंमत ध्यानी आली. आमच्या धक्क्यावरही अधूनमधून अनोळखी पिल्ले येऊन पडलेली असत. रायबंदरच्या आज्याही पोती बांधीतच होत्या! दोन्ही काठ परस्परांचे 'पलीकडे' होते आणि हिशेब कधी पुरा होत नव्हता.

ज्या बेटाला पलीकडचा काठच नाही तेथे माणसांनी काय केले असेल, हा प्रश्न मला त्या पोत्यामुळे पडला. त्याचे उत्तर शोधताना दक्षिण अटलांटिक महासागरातील असेन्शन या बेटापाशी येऊन थांबलो. योगायोग असा की, गोव्याच्या माणसाला या बेटाची ओळख एका परिचित नावाने होते. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोव्हा याने ते १५०१ साली पाहिले असे मानतात. पण त्याला नाव दिले ते दोन वर्षांनी, १५०३ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या अफोंसो द अल्बुकर्क याने. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी ते दृष्टीस पडले म्हणून ते असेन्शन. त्यानंतर सात वर्षांनी, १५१० साली, याच अल्बुकर्कने गोवा जिंकले. गोव्याच्या इतिहासात त्याचे जे काही व्हावयाचे ते झालेच आहे. त्या ज्वालामुखीच्या खडकाळ बेटाकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिले नाही. पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही. त्याच्या मागून आलेल्या पोर्तुगीज खलाशांनी पुढच्या गलबतांना मांस मिळावे म्हणून शेळ्या तेवढ्या सोडल्या.

त्या ओसाडीत होते ते पक्षी, आणि तेही अगणित. पश्चिम हिंदुस्थानची सफर करून १६५६ साली परतणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तेथे एक उडता न येणारी छोटी पाणकोंबडी पाहिली. इतक्या दूरच्या खडकावर, पंख असून न उडणारा पक्षी आला कसा, याचे त्याला आश्चर्य वाटले. त्याने तिचे वर्णन लिहून ठेवले आणि चित्रही काढले. मुघल अमदानीतील हिंदुस्थानचे बारकाईने वर्णन करणारा म्हणून मंडी आपल्या इतिहासकारांना ठाऊक आहे. त्याच्या वहीतील हे एक चित्र आणि बेटावर सापडलेली काही हाडे, एवढ्यावरच आज ती पाणकोंबडी उरली आहे. २००३ साली शास्त्रज्ञांनी तिच्या प्रजातीला मंडीचेच नाव दिले.

मांजरे या बेटावर आली ती नेपोलियनमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८१५ सालच्या ऑक्टोबरात त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवण्यात आले. तेथून सुमारे तेराशे किलोमीटरवर असलेल्या असेन्शनवर उतरून फ्रेंचांनी त्याला सोडवू नये, म्हणून ब्रिटिश नौदलाने त्याच महिन्यात तेथे एक लहानशी तुकडी उतरवली. नौदलाची कागदपत्रेही मोठी मौजेची. बेटावरील शिबंदीचा हिशेब ठेवण्याची सोय व्हावी म्हणून त्या बेटाची नोंद एक युद्धनौका म्हणून झाली. सागरात कायमची नांगरलेली दगडी नौका! नौका म्हटली की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर आलेच. पूर्वी फुटलेल्या गलबतांतून उतरलेल्या उंदरांनी शिबंदीचा शिधा फस्त करू नये म्हणून मांजरे आणली गेली. त्यांना कोठीत उंदीर शोधण्याची गरज पडली नाही. बाहेर, मोकळ्या जमिनीवर, माणसाला न भिणारे, घरटेही न बांधणारे लक्षावधी पक्षी अंड्यांवर बसले होते.

१८३६ सालच्या जुलैत डार्विन 'बीगल' जहाजातून तेथे उतरला. मांजरे येऊन तेव्हा अवघी एकवीस वर्षे झाली होती, आणि उंदीर मारण्यास सोडलेली ही मांजरे वाढून आता स्वतःच उपद्रव होऊन बसली आहेत, अशा अर्थाची नोंद त्याने केली आहे. औषध म्हणून आणलेल्या गोष्टीचा रोग होण्यास एक पिढीही लागली नाही.

पुढची सव्वाशे वर्षे थोडक्यात सांगता येतील. फ्रिगेट नावाचा एक लांब पंखांचा काळा समुद्रपक्षी आहे. त्याची एक जात जगाच्या पाठीवर फक्त असेन्शनलाच वीण घालते. बूबी, फ्रिगेट यांसारखे जे पक्षी मुख्य बेटावर हजारोंच्या वसाहती करून राहत होते, ते तेथून नाहीसे झाले आणि पूर्वेच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या बोट्सवेन बर्ड नावाच्या एका कडेतुटक्या खडकावर आणि मांजराचा पाय पोहोचणार नाही अशा कड्यांवर उरले. काळ्या पाठीचे सुरय तेवढे संख्येच्या बळावर मुख्य बेटावर टिकून राहिले आणि मांजरांना पोसत राहिले. १९५७ ते १९५९ या काळात ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या शताब्दीनिमित्त तेथे मोहीम काढली, तेव्हा अभ्यासकांना त्या चिमुकल्या खडकावर दाटीवाटीने बसलेले पक्षी आणि समोर पंख मिटल्यासारखे पडलेले मोठे बेट असे चित्र पाहावयास मिळाले. दोहोंमध्ये अडीचशे मीटरांच्या आसपास पाणी. मांडवी ओलांडण्यास आमच्या फेरीला लागते त्याहूनही कमी.

येथे दुसऱ्या एका बेटाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यात दंतकथा आणि इतिहास यांची सरमिसळ झाली आहे. न्यूझीलंडच्या कूक सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचे बेट आहे. १८९४ साली तेथे दीपस्तंभ पेटला आणि दीपस्तंभावरील कुटुंबांबरोबर मांजर आले. लवकरच मांजराने मारून आणलेले लहानसे, न उडणारे पक्षी दिसू लागले. डेव्हिड लायल या दीपस्तंभावरील कर्मचाऱ्याने त्यांतले काही जपून शास्त्रज्ञांकडे पाठवले. विद्वानांनी त्यांचे वर्णन करून त्या जातीला लायलचे नाव दिले. आणि नाव छापून होते न होते तोच पक्षी संपला. एका दीपस्तंभवाल्याच्या एका मांजरीने एक संपूर्ण जात शोधली आणि तिनेच ती नष्ट केली, अशा स्वरूपात ही गोष्ट शंभर वर्षे सांगितली गेली. ती चटकदार आहे; तथापि खरी नाही. २००४ साली गॅलब्रेथ आणि ब्राउन या दोन अभ्यासकांनी मूळ पत्रे आणि नोंदी तपासून दाखविले की, मांजर एक नव्हते. गाभण मांजरी आली असावी, तिची पिल्ले रानात गेली आणि पाहता पाहता बेट मांजरांनी भरले. त्यांना हटविण्यास पुढे १९२५ साल उजाडले. मला हा तपशील त्या दंतकथेहून अधिक महत्त्वाचा वाटतो. एका मांजराची शिकार बेटाला कदाचित पचली असती. बेटाला जे पचले नाही ते तिचे बाळंतपण.

हाच हिशेब आकड्यांत पाहावयाचा असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील मॅरियन बेटाकडे जावे लागते. १९४९ साली तेथील हवामान केंद्रावर उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरे नेली. फक्त पाच. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली आणि जमिनीत बिळे करून राहणारे साडेचार लाखांच्या आसपास पेट्रेल पक्षी ती दरवर्षी खात होती. मग सुरू झाला तो निस्तरण्याचा खटाटोप. १९७७ साली मांजरांत जीवघेणी साथ पसरविणारा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. १९८२ पर्यंत संख्या सहाशेच्या आसपास उतरली आणि तेथेच अडली. नंतर रात्री दिवे लावून बंदुकांनी शिकार, सापळे, विष. शेवटचे मांजर संपावयास १९९१ साल उजाडले. केंद्रावर मांजरे धाडण्यापूर्वी त्या पाचांवर केपटाउनमध्ये एकेक लहानशी शस्त्रक्रिया झाली असती, तर ती पाच मांजरे उंदीर मारून, म्हातारी होऊन, शेकोटीजवळ निजून मेली असती. आणि उंदीर? ते मॅरियनवर आजही आहेत.

ही 'लहानशी शस्त्रक्रिया' हाही इतिहासाचाच विषय आहे. नराला खच्ची करणे माणसास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे गोऱ्हा बडवून बैल करण्याचे काम गावोगाव होत असे आणि त्याचे कोणास नवल वाटत नसे. मादीचे बीजाशय काढणे ही त्या मानाने अवघड गोष्ट. तरी डुकरिणी आणि सांडणी यांच्यावर ती केली जात असल्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे. मांजरासारख्या लहान प्राण्याचे पोट निर्धोकपणे उघडून पुन्हा शिवावयाचे तर भूल आणि जंतुनाशन या दोन्ही विद्या हव्यात, आणि ही शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली ती विसाव्या शतकात. तेव्हा १८१५ सालच्या नौदलाला किंवा १८९४ सालच्या दीपस्तंभवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती दुसरा उपायच नव्हता. १९४९ सालच्या हवामान केंद्राविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

एक शब्दविषयक टीप येथे अस्थानी होणार नाही. मराठीत या क्रियेसाठी पहिल्यांदा 'नसबंदी' हाच शब्द वापरला जाई. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीने त्या शब्दाला असा काही चटका दिला की, तो आजही सहज उच्चारला जात नाही. २००१ साली केंद्र सरकारने भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, त्या सुमारास आमच्या वृत्तपत्रांतून 'निर्बीजीकरण' हा संस्कृत शब्द रुळला, असे माझे निरीक्षण आहे. शब्द कोरडा आहे, पण त्याच्यामागे भीती नाही.

मांजरीचे वय पाच-सहा महिन्यांचे झाले की ती माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. एका वेळी तीन-चार पिल्ले, आणि अन्न मुबलक असेल तर वर्षात दोन-तीन वेळा. समुद्रपक्ष्यांच्या बेटावर अन्न मुबलकच असते. निर्बीजीकरण झालेली मांजरी या चक्रातून तर सुटतेच, शिवाय तिला गर्भाशय पुवाने भरण्याचा प्राणघातक विकार होत नाही, आणि लहान वयात शस्त्रक्रिया झाली असेल तर स्तनांच्या गाठींचा धोकाही पुष्कळ कमी होतो. बोक्यांची मारामारी, दूरवर भटकणे, दारे-भिंती मूत्राने माखणे हेही उतरते. घरात राहावयाचे तर हे सारे मांजराच्याच हिताचे. बेटावर मात्र आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरचे मांजर आणि रानातले मांजर हे तेथे एकच जनावर असते. त्यांना वेगळे करणारी रेघ दुसऱ्या कोठेही नसते, ती फक्त या शस्त्रक्रियेने ओढली जाते.

असेन्शनवर ही रेघ ओढण्याची वेळ आली ती २००२ साली. बेटावर कायमचे रहिवासी असे कोणी नाहीत. जे आहेत ते विमानतळ, दूरसंचार, प्रसारण यांच्या कामासाठी करारावर आलेले लोक आणि त्यांची कुटुंबे, एकूण हजाराच्या आत-बाहेर. त्यांतले बहुतेक सेंट हेलेनाचे. अशा ठिकाणी, ऐन महासागरात, संध्याकाळी घरी आल्यावर पायाशी घोटाळणारे मांजर म्हणजे काय असेल याची कल्पना करता येते. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या पैशाने आणि तेथील पक्षिसंरक्षण संस्थेच्या पुढाकाराने रानटी झालेली सर्व मांजरे हटविण्याचे ठरले. पाळीव मांजरे मात्र राहणार होती. मॅरियनसारख्या निर्जन बेटावर हा प्रश्नच नव्हता. माणसांच्या वस्तीत, त्यांची लाडकी मांजरे ठेवून, रानातली तेवढी संपवावयाची होती. त्यासाठी पाळीव मांजरांची नोंद झाली, त्यांचे निर्बीजीकरण झाले, कातडीखाली ओळखीच्या मायक्रोचिप बसविल्या गेल्या. मग रानात विषारी आमिषे आणि सापळे. दोन वर्षांच्या आत, २००४ साली, शेवटचे रानटी मांजर गेले. पुढे दोन वर्षे पाळत ठेवून २००६ साली बेट मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

एवढ्यावर ही यशोगाथा संपवता आली असती. पण मोहिमेतल्याच लोकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक आकडा प्रांजळपणे दिला आहे: या दोन वर्षांत बेटावरील ३८ टक्के पाळीव मांजरे चुकून मारली गेली. शंभरांतली अडतीस. रेघ कागदावर ओढली होती. मांजराला ती दिसत नव्हती. ते रात्री फिरावयास बाहेर पडले आणि वाटेत आमिष होते. ज्यांनी विश्वास ठेवून आपले मांजर शस्त्रक्रियेसाठी दिले, नोंदवहीत त्याचे नाव लिहिले, त्यांच्याच घरचे ते परतले नाही. लोकांत क्षोभ उसळला, असे त्या निबंधातच नमूद आहे, आणि अशा चुका पुढे कोणी करू नयेत म्हणून सूचनाही आहेत. शास्त्रीय नियतकालिकातल्या त्या एका वाक्यामागे किती घरे असतील! मला त्या ठिकाणी आमची मांजरी आठवली, तीन रात्री ओरडत फिरणारी.

तथापि दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मांजरांकडून प्रौढ पक्ष्यांची शिकार थांबली. पाच जातींचे समुद्रपक्षी मुख्य बेटावर पुन्हा वीण घालू लागले, आरंभी थोडे, मग अधिक. आणि २०१२ साली, दीडशेहून अधिक वर्षांच्या खंडानंतर, फ्रिगेट पक्ष्याची दोन घरटी मुख्य बेटाच्या जमिनीवर सापडली. फक्त दोन. पण तोवर जगातली ती सबंध जात एका खडकावर उभी होती. आता तिला दुसरी जागा मिळाली. ती जागा टिकावयाची, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपले मांजर निर्बीज ठेवले पाहिजे. करारावर आलेला माणूस दोन वर्षांनी बदलून जातो. त्याचे मांजर मागे राहिले, ते गाभण असले, तर १८१५ साल पुन्हा उजाडते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटाने ही गोष्ट ओळखून क्रम उलटा केला. तेथे २०१० साली पाळीव मांजरांची नोंद, मायक्रोचिप आणि निर्बीजीकरण सक्तीचे झाले आणि नवे मांजर आणण्यास मनाई झाली. रानातल्या मांजरांवरची मोठी मोहीम त्यानंतर. आधी घर, मग रान. हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाने तर घाईच केली नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे ठरले की, यापुढे नवे मांजर बेटावर आणावयाचे नाही. असलेली राहतील, म्हातारी होतील. बेटावरचे शेवटचे पाळीव मांजर २००६ साली मेले. पाव शतक एक समाज आपल्या शेवटच्या मांजराची वाट पाहत राहिला, त्याला दूध घालीत. त्या बेटावर वुडहेन नावाची एक न उडणारी रानकोंबडी आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती जेमतेम तीसच्या आसपास उरली होती, त्यात मांजरांहून रानडुकरांचा दोष अधिक. डुकरे गेली, मांजरे गेली, २०१९ साली उंदीरही हटविण्यात आले; आता ती हजाराच्या पुढे आहे.

यावर एक आक्षेप मनात येतो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. षष्ठी ही आपल्याकडे लेकरांची देवता, आणि तिचे वाहन मांजर मानतात. त्याच मांजरीला वांझ करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आजीला विचारले असते तर ती 'शिव शिव' म्हणाली असती. माझ्यापाशी याचे शास्त्रशुद्ध उत्तर नाही. एवढेच दिसते की, जेथे हा अधिकार माणसाने घेतला नाही तेथे त्याला त्याहून भयंकर अधिकार घ्यावे लागले: मॅरियनवर विषाणूचा, असेन्शनवर विषाचा, आमच्या घरी पोत्याचा.

जपानच्या एहिमे प्रांतात आओशिमा नावाचे कोळ्यांचे छोटे बेट आहे. जेमतेम दीड किलोमीटर लांब. बोटींतल्या उंदरांसाठी तेथे मांजरे आणली होती. महायुद्धाच्या सुमारास नऊशेच्या आसपास वस्ती होती. तरुण शहरांकडे गेले, शाळा मिटली, बोटी थांबल्या आणि माणसे पंधरा-वीस उरली, तेव्हा मांजरे त्यांच्या अनेकपट झाली होती. पर्यटक ती पाहावयास येत, छायाचित्रे काढीत, परत जात. उपाशी, डोळे चिकटलेली पिल्ले मागे राहत, आणि त्यांना खाऊ घालण्याचे काम दोन-चार वृद्धांवर पडे. २०१८ साली त्या वृद्धांच्या आणि नगरपालिकेच्या संमतीने बेटावरील दोनशेहून अधिक मांजरांचे निर्बीजीकरण करण्यात आले. तेथे पक्ष्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की, खाऊ घालणारा शेवटचा हात गेल्यावर या मांजरांचे काय. आता तेथे पिल्ले होत नाहीत. माणसे आणि मांजरे बरोबरीने म्हातारी होत आहेत, बरोबरीने कमी होत आहेत.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या घरची मांजरी मी पणजीला पशुवैद्याकडे नेली. सकाळी दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी परत मिळाली. पोटावर तीन टाके आणि चेहऱ्यावर माझ्याविषयीचा स्पष्ट अविश्वास. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट पाहत टोपली मांडीवर घेऊन बसलो होतो. आत मांजर आहे हे ओळखून शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी अगदी सहज विचारले, "सोडायला आणलंत काय इकडे?"

"नाही हो मावशी," मी म्हणालो, "घरी नेतोय."